छावणीतला पियानो

दुष्काळात मी पियानोला पाणी पाजलं आहे. हे वाक्य इतकी वर्षं मी कुणाजवळ बोललो नाही. पाटोद्याकडे माझ्या भावाच्या गावी बाया टँकरची वाट बघत उन्हात उभ्या असायच्या, आणि इकडे मी साखर कारखान्याच्या गेस्ट हाऊसमध्ये दार लोटून घेऊन पियानोची खालची फळी काढायचो आणि आत पाण्यानं भरलेलं पातेलं ठेवायचो. पियानो म्हणजे शेवटी लाकूड. हवा फार कोरडी झाली की आतला मोठा तक्ता आकसतो, खुंट्या सैल होतात, तारा उतरतात. आत पाणी ठेवलं की ते हळूहळू उडून जातं आणि लाकूड तग धरतं. मला शिकवणाऱ्यांनी हे शिकवलं होतं आणि ते खरं आहे. पण खरं असलं म्हणून ओझं कमी होत नाही. पातेलं ठेवताना मी चोरासारखा मागे बघायचो.

आता लिहायलाच बसलोय, तर दुसरी गोष्टही सांगतो. ती सांगायला याहून अवघड आहे. त्या वर्षी मी जे काम केलं त्याचा मला अभिमान वाटतो. कारखान्याच्या शाळेत संगीत शिक्षक म्हणून मी वर्षानुवर्षं प्रार्थना बसवल्या, गॅदरिंगं पार पाडली, पाहुण्यांसाठी स्वागतगीतं रचली. पण छातीवर हात ठेवून ‘हे मी शिकवलं’ असं म्हणावं असं एकच, आणि ते मी शिकवलं पन्नाशीला आलेल्या एका बाईंना, चारा छावणीच्या ऐन मधोमध.

या बाई म्हणजे आमच्या चेअरमनसाहेबांच्या पत्नी. सगळी कॉलनी त्यांना वहिनीसाहेब म्हणायची. पियानो त्यांच्या सासऱ्यांनी आणलेला. ते कारखान्याचे पहिले चेअरमन. हैदराबादला कुठल्याशा जुन्या बंगल्यातलं सामान निघालं होतं, तिथून त्यांनी झुंबर आणि पियानो उचलला आणि उसाच्या ट्रकमध्ये पाचट अंथरून बीड जिल्ह्यात आणला. झुंबर वाटेत फुटलं. पियानो वाचला आणि गेस्ट हाऊसच्या हॉलमध्ये गणपतीच्या फोटोखाली उभा राहिला. त्यावर फुलदाणी असायची. मी पुण्यात दोन-तीन वर्षं पियानो शिकलो होतो, म्हणून शाळेच्या पेटीबरोबर याचीही देखभाल माझ्याकडे आली. मी काही मोठा वादक नव्हे. पण सुरुवातीचं शिकवण्याइतकं मला येतं.

वहिनीसाहेब एका दुपारी आल्या, फुलदाणी उचलून खाली ठेवली आणि म्हणाल्या, “सर, मला शिकवताव का? गॅदरिंगच्या पोरांसारखं न्हाई. खरं शिकवा.”

मी “हो हो, जरूर” म्हणालो. चेअरमनच्या घरून आलेल्या शब्दाला आमच्याकडे दुसरं उत्तर नसतं.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं धंद्याचं सांगतो. आमच्या भागात ज्याला थोडंफार संगीत येतं त्याला पेटी येते. वहिनीसाहेबही महिलांच्या भजनी मंडळात पेटी वाजवायच्या. पेटीला भाता असतो. डावा हात हवा भरतो, उजवा हात पट्ट्या दाबतो. पट्टी दाबून धरली आणि भाता चालू ठेवला की सूर राहतो. पियानोवर पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर पडते आणि लगेच मागे येते. नंतर तुम्ही कितीही दाबून धरा, तो सूर विझतच जातो. पेटीवाल्याला हे पटायला फार वेळ लागतो. वहिनीसाहेबांचा डावा हात कित्येक दिवस हवेत भाता शोधायचा, आणि उजवा हात प्रत्येक पट्टी अशी रेटून धरायचा की जणू सुटली तर परत मिळायची नाही.

त्यामुळे दोन गोष्टी अडत. पहिली, फ्रेजिंग. म्हणजे सुरांचं वाक्य करणं. कागदावर काही सुरांच्या डोक्यावर एक कमान काढलेली असते. त्या कमानीखालचे सूर एका दमात, एकमेकांचा हात धरून गेले पाहिजेत, आणि कमान संपली की हलकेच मनगट उचलून श्वास घ्यायचा. पेटीत हा श्वास भात्यात असतो. पियानोत तो मनगटात आणावा लागतो. दुसरी गोष्ट, स्टॅकॅटो. काही सुरांवर तिळाएवढा ठिपका असतो. तो सूर नेमका वाजून लगेच थांबला पाहिजे. पापड मोडल्यासारखा, कुरकुरीत.

आम्ही घेतलेली रचना सुरुवातीच्या पुस्तकातली होती, पानभराची. पहिल्या भागात कमानी, दुसऱ्या भागात ठिपके, मग क्षणभर पूर्ण शांतता, आणि मग पहिली चाल परत येते. महिनोन् महिने वहिनीसाहेबांच्या कमानी ओल्या गोणपाटासारख्या ओढत जायच्या आणि ठिपके धाडधाड पडायचे. आणि मी म्हणायचो, “छान. छान आहे वहिनीसाहेब.”

याचं कारण मी सभ्य आहे असं सांगत आलो. खरं कारण नोकरी.

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. लागोपाठ दुसरं वर्ष. शेतात ऊस नव्हता, त्यामुळे कारखान्याचं धुराडं पेटलं नाही. गाळप बंद. ज्यांना दरवर्षी कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिमेकडे जायची सवय, ते त्या वर्षी लवकर गेले. मागे राहिली म्हातारी माणसं आणि जनावरं. संचालक मंडळानं कारखान्याच्या आवारात चारा छावणी उघडली. जिथे उसाच्या बैलगाड्यांची रांग लागायची तिथे पत्र्याच्या आणि पाचटाच्या शेडखाली दावणी लागल्या. माणसं जनावरांशेजारी बाज टाकून राहिली. छावणीची शेवटची शेड थेट गेस्ट हाऊसच्या खिडकीला टेकलेली.

अशा दिवसांत मी दुपारी पियानो शिकवत होतो. पगार अर्धा, तोही उशिरा, पण शाळा चालू होती आणि वहिनीसाहेब येत होत्या. भावाचा निरोप आला की मी काय करतो ते सांगायचो नाही. “शाळा चालू आहे” एवढंच.

एका दुपारी ठिपक्यांची ओळ चालू असताना दार ढकलून आसाराम बप्पा आत आला. सिरसाळ्याकडचा म्हातारा, छावणीत एक लाल कंधारी बैल घेऊन राहिलेला. बैलाचं नाव हौश्या. बप्पा घामाघूम झालेला, हातात तुटलेलं दावं.

“सर, टाळकं फिरलंय का तुमचं? ऐन दुपारच्याला पत्रे कावून ठोकताय? माझा हौश्या दावं तोडून पळाला. पार वजनकाट्यापोत्तर मागं पळलो त्याच्या!”

मी स्टुलामागे उभा होतो. वहिनीसाहेब स्टुलावर, हात अजून पट्ट्यांवर. मी पटकन पुढे झालो. “चुकलं बप्पा. मीच वाजवत होतो. आता हळू वाजवीन.”

“वाजवीत व्हताव? मला वाटलं दुरुस्ती चाललीया.” मग त्याला वहिनीसाहेब दिसल्या. त्यानं टोपी सारखी करून हात जोडले. “रामराम वहिनीसाहेब. तुमी ऐकत बसलाव व्हय? कसं काय सोसताव?”

आणि तो गेला.

वहिनीसाहेबांनी पियानोचं झाकण लावलं. मला वाटलं त्यांचा अपमान झाला म्हणून त्या रागावल्यात. मी म्हणालो, “अडाणी माणूस आहे, मनावर घेऊ नका.”

“सर, माझी चूक तुमी कावून घेतली?”

मी समोरचं पुस्तक मिटू लागलो.

“त्यो खरं बोलला. तुमी न्हाई बोललाव. इतके दिवस छान, छान. सर्वसाधारण सभेत ठराव वाचायच्या आदीच मंजूर मंजूर वरडत्यात, तसलं तुमचं छान.” त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच जास्त लागत होता. “मी या घरात आले तवापासून माझ्या हातचं काईच वाईट झालं न्हाई. आमटी खारट झाली तरी वा वहिनीसाहेब. भाषण वाचताना पान चुकलं तरी वा वहिनीसाहेब. मला काय येतं आन् काय येत न्हाई, मलाच ठावं न्हाई. ह्ये एक ठाव लागंल म्हणून शिकायला आले. आन् तुमी माझी चूकसुदिक उचलून नेली.”

 

त्या उठल्या, पदर सारखा केला आणि सरळ शेडकडे निघाल्या. मी मागे. बप्पा नवं दावं वळत बसला होता. हौश्या खुंट्याला परत आलेला, पाठीवरची कातडी अजून थरथरत होती.

“बप्पा, सर न्हाई, मी वाजवीत व्हते.”

बप्पाचा हात थांबला. “अगं आई. मंग तर आनखीच अवघड झालं. सरला म्हणलो असतो बंद करा. तुमाला कसं म्हणावं?”

“तसंच म्हणा. फकस्त बंद करा म्हणू नका. बैल बुजला की येऊन सांगा.”

“सांगंन की. पण मंग माघारी चेअरमनसाहेबाला माझं नाव नका सांगू. पेंडीच्या रांगंत मागं टाकत्याल मला.”

वहिनीसाहेब हसल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “उद्यापासून छान म्हणलं की शिकवणी बंद.”

त्या दिवशी मी घरी जाऊन बराच वेळ पेटीसमोर नुसता बसलो. चूक कुठे आहे ते शोधायचं होतं, त्यांची नाही, माझी. आणि ती सापडली एका शब्दात. स्टॅकॅटो समजावताना मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो, “सूर तोडा. तोडून वाजवा.” पुण्यात हा शब्द चालला असता. पण आमच्याकडे तोड म्हणजे ऊसतोड. तोड म्हणजे हात खांद्यापासून उचलून कोयता उसाच्या बुडख्यावर घालणं. वहिनीसाहेबांचं माहेरही तोडीवाल्यांच्याच गावातलं. मी ‘तोडा’ म्हणालो आणि त्यांनी इमानानं तोडलं, खांद्यापासून. हौश्या पळाला यात त्याचा काय दोष?

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, “तोडायचं नाही. सोडायचं. स्टॅकॅटोत जोर पट्टीवर पडण्यात नसतो, पट्टी सोडण्यात चपळाई असते.”

“सोडायचं म्हंजी कसं?”

पियानोवर ते नुसतं सांगून येत नाही. मी घरून ताटात ज्वारी नेली होती, त्यात खडे मिसळून. पियानोच्या झाकणावर ताट ठेवलं आणि म्हणालो, “निवडा.”

त्यांनी माझ्याकडे ‘सर खरंच बिघडले’ अशा नजरेनं पाहिलं. पण हात आपोआप चालू झाले. बोटाचं टोक खड्याला लागतं न लागतं तोच आतल्या बाजूला ओढलं जातं, खडा बाहेर, बोट वर. खांदा हलत नाही, कोपर हलत नाही. एकेका बोटाचा स्वतंत्र चपळपणा. “हेच,” मी म्हणालो, “आता ताट काढून पट्टीवर हेच.”

त्या दिवशी पहिल्यांदा एक सूर टच्चकन वाजून थांबला. एकच. बोट तसंच वर धरून त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग पुढचे चार परत धाडधाड. “पहिला बरोबर,” मी म्हणालो. “बाकीचे चार नाहीत.” असं बोलताना माझे कान तापले. चेअरमनच्या घरच्या माणसाला मी नोकरीत पहिल्यांदा नाही म्हणालो होतो.

“मंग परत ताट द्या,” त्या म्हणाल्या.

कमानींसाठी दुसरा उपाय निघाला, तोही छावणीतूनच. मी त्यांना चालीला शब्द लावायला सांगितलं. शब्द असले की माणूस आपोआप योग्य जागी श्वास घेतो. त्या वर्षी कुणाच्याही तोंडात शब्द एकाच गोष्टीचे होते. पहिल्या कमानीला त्यांनी लावलं, “टँकर आला गं”. दुसरीला, “घागर कुठं गं”. ठिपक्यांच्या ओळीला, “चल चल चल चल, पळ पळ पळ पळ”. आधी त्या गुणगुणायच्या, मग वाजवायच्या. “टँकर आला गं” च्या शेवटी मनगट उचललं जायचं आणि मला त्यांचा श्वास ऐकू यायचा. पियानो बोलायला लागला म्हणतात, ते हे. यात नवल काही नाही. वाक्य कुठे संपतं ते कळलं, एवढंच.

बप्पा कबूल केल्याप्रमाणे येऊन अहवाल द्यायचा. “आज कान टवकारलं फकस्त.” “आज दावं वढलं, मधल्या दणक्याला.” एकदा मी पातेलं बदलत असतानाच तो आत आला. लपवायला वेळच नव्हता.

“ह्यात पाणी कशाला?”

मी सांगितलं. लाकूड, कोरडी हवा, तारा. सांगताना नजर जमिनीवर. आता शिव्या येतील असं धरून चाललो होतो, आणि त्या याव्यात असंही कुठेतरी वाटत होतं.

बप्पानं वाकून आत पाहिलं. तारा, हातोड्या, पातेलं. “म्हंजी ह्ये बी छावणीतलंच जनावर म्हणा की.” आणि तंबाखू मळत निघून गेला.

त्यानं मला माफ केलं असं मी म्हणत नाही. माफ करायचा अधिकार एकट्या त्याचा नव्हता. भावाच्या गावातल्या कुणाला मी हे अजून विचारलेलं नाही. पण त्यानंतर फळी काढताना मी दार लोटून घ्यायचं सोडलं.

उन्हाळा असाच गेला. चुका कमी झाल्या, त्यांच्या आणि माझ्याही. मी सांगायचो, “कमान मधेच मोडली.” त्या म्हणायच्या, “कुठं? मोडली न्हाई.” आम्ही भांडायचो. चेअरमनसाहेबांनी एकदा दारातून ऐकलं आणि हळूच मागे सरकले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मला म्हणाले, “सर, घरात मला कुणी एवढं उलट बोललं तर मी जिल्हाच सोडीन.” पण शिकवणी थांबवली नाही, हे त्यांचं मोठेपण.

पुढे पावसाळा लागला, गावोगाव गवत उगवलं आणि छावण्या उठवायचा आदेश आला. शेवटच्या दिवशी संचालक मंडळानं गेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात छोटा कार्यक्रम ठेवला. छावणीतल्या शेतकऱ्यांना नारळ, टोपी, टॉवेल. तीन भाषणं झाली. मग चेअरमनसाहेब माईकवर म्हणाले की आता आमच्या मंडळी पियानो वाजवतील. हॉलची दारं उघडी होती. संचालक पुढे खुर्च्यांवर, शेतकरी व्हरांड्यात आणि पायऱ्यांवर, जनावरं पलीकडे ट्रॉल्यांत चढवायच्या तयारीत.

आदल्या दिवशी वहिनीसाहेब मला म्हणाल्या होत्या, “सर, त्यांची वाहवा येणारच. मी शेण वाजवलं तरी येणार. मला त्यातून कसं कळंल?” मी म्हणालो होतो, “तुम्हाला कळेल.” म्हणताना मलाही खात्री नव्हती. इतकी वर्षं ज्यांच्या टाळ्यांपुढे त्या जागच्या जागी थांबल्या होत्या, तीच माणसं समोर बसणार होती.

त्या बसल्या. पाठ ताठ. पहिली कमान गेली, मनगट उचललं, श्वास. दुसरी गेली. डावा हात भाता विसरलेला. मी भिंतीला टेकून उभा. ठिपके आले. एकेक सूर स्वच्छ, सुटा, खडा उचलावा तसा. ओळ संपली, हात वर गेले आणि कागदावर होती तशी ती पूर्ण शांतता आली.

आणि पुढच्या रांगेनं टाळ्या वाजवल्या.

कडाडून. संपलं असं वाटलं बिचाऱ्यांना. “वा वहिनीसाहेब! वा!” एक संचालक तर उभेच राहिले. मी वहिनीसाहेबांच्या हातांकडे पाहत होतो. आता हे हात खाली येतील, त्या वळतील, हसतील, पदर घेतील, आणि पान अर्धंच राहील. सवय किती खोल असते ते मी स्वतःवरून जाणतो.

हात खाली आले नाहीत. मनगटं तशीच हवेत. त्या वळल्या नाहीत, हसल्या नाहीत. शांतता त्यांची होती आणि ती पूर्ण झाल्याशिवाय त्या पुढे जाणार नव्हत्या. टाळ्या गोंधळून विरळ झाल्या. पायरीवरून बप्पाचा आवाज आला, “गप बसा की बे! अजून हाय त्ये!”

हशा पिकला, उभे राहिलेले संचालकही हसत खाली बसले, आणि मग सगळं थांबलं. इतकं की ट्रॉलीतल्या एका गाईची घंटा ऐकू आली. तेव्हा कुठे वहिनीसाहेबांनी श्वास घेतला आणि पहिली चाल परत सुरू केली, हळू, एका दमात, शेवटच्या सुरापर्यंत.

या वेळी कुणी टाळी वाजवेना. परत फसायला नको म्हणून सगळे एकमेकांकडे बघत होते. वहिनीसाहेबांनी हात मांडीवर ठेवले. त्यांनी पुढच्या रांगेकडे पाहिलं नाही, चेअरमनसाहेबांकडे नाही. मान वळवून त्या भिंतीशी उभ्या असलेल्या माझ्याकडे बघत राहिल्या. सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला.

 मी बोललो, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“ठिपके सगळे बरोबर. शांतता बरोबर. शेवटच्या ओळीत डाव्या हातानं घाई केली.”

 वहिनीसाहेबांनी पानाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि मान डोलावली.

“व्हय,” त्या म्हणाल्या. “मला बी तसंच वाटलं.”